भूगर्भातील ठेव आणि तिचा जामीनदार



भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बारा बंद कंटेनरांमधून पीथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी तेथे जाळून नष्ट करण्यात आला. वायुगळती झाली होती १९८४ च्या डिसेंबरात. म्हणजे त्या कारखान्याचा केवळ केर काढायला या देशाला चाळीस वर्षे लागली. या काळात मूळ अमेरिकी कंपनीने भारतीय कंपनीतील आपले भाग विकून टाकले. पुढे तिलाच दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने विकत घेतले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कंपन्यांचे धनी बदलले, कचरा मात्र जागीच राहिला. अखेर तो हलला, तो न्यायालयाच्या आदेशाने आणि सरकारी तिजोरीतून.

आजचा विषय भोपाळचा नाही. तो आहे कर्बवायू पकडून भूगर्भात साठवण्याविषयीच्या कायद्यांचा. हा वायू भोपाळच्या वायूसारखा विषारी नाही, आणि दोन्हींची तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु कायद्यापुढचा प्रश्न तोच आहे. उद्योग करणारा आपला नफा घेऊन निघून गेल्यानंतर मागे उरलेल्या वस्तूचा जामीनदार कोण?

प्रथम ही साठवण म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. वीजकेंद्रे, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्या धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, बाहेर पडतो. तो हवेत सोडण्याऐवजी रसायनांच्या साहाय्याने धुरातून वेगळा काढायचा, दाबाखाली दाट करायचा, नळातून किंवा जहाजातून वाहून न्यायचा आणि जमिनीखाली वा समुद्रतळाखाली खोल विहिरीतून खडकांत सोडायचा, अशी ही प्रक्रिया आहे. खोली साधारण आठशे मीटरपेक्षा अधिक लागते, कारण तेथील दाबामुळे हा वायू द्रवासारखा दाट राहतो आणि थोड्या जागेत मावतो. खाली एखादी मोठी गुहा असते, अशी अनेकांची समजूत होते. तसे काही नसते. वाळूच्या खडकात कणाकणांमध्ये जी सूक्ष्म छिद्रे असतात, ज्यांत बहुधा खारे पाणी भरलेले असते, त्यांतच हा वायू शिरतो. वर अभेद्य खडकाचा थर असला, तर तो तेथे अडकून राहतो. काळ जाईल तसा काही भाग पाण्यात विरघळतो आणि काही भागाचे खनिज बनते. म्हणून धोका सर्वाधिक असतो तो वायू सोडला जात असताना आणि त्यानंतरच्या काही दशकांत. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण सर्व कायद्यांची मांडणी तिच्यावर उभी आहे.

आणि धोका म्हणजे कोणता? कर्बवायू हवेपेक्षा जड असतो. तो मोठ्या प्रमाणात एकदम बाहेर पडला, तर सखल भागात पसरतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो. कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी निसर्गतः साचलेला हा वायू २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री उसळून वर आला आणि परिसरातील सुमारे सतराशे माणसे झोपेतच गेली. खडकात नीट साठवलेला वायू असा उसळत नाही, हे खरेच. पण ज्या वस्तूच्या अंगी हा गुण आहे, तिची राखण कोणाच्या तरी शिरावर असलीच पाहिजे.

या उद्योगाचा आरंभ झाला नॉर्वेत, आणि तो झाला एका कराच्या कायद्यामुळे. नॉर्वेने १९९१ मध्ये कर्बवायूच्या उत्सर्जनावर कर बसवला. उत्तर समुद्रातील स्लाइपनर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कर्बवायूचे प्रमाण सुमारे नऊ टक्के होते. विक्रीसाठी ते अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. वेगळा काढलेला वायू हवेत सोडावा, तर कर भरावा लागणार. त्यापेक्षा तो समुद्रतळाखालील उत्सिरा नावाच्या वाळूच्या खडकात परत सोडणे स्वस्त, असा हिशेब झाला. १९९६ पासून वर्षाला जवळजवळ दहा लाख टन वायू तेथे सोडला जाऊ लागला. तेव्हा साठवणीचा स्वतंत्र कायदा नव्हता. पेट्रोलियमच्या कायद्याखालीच काम चालले, आणि ते निभावलेही. कारण ती कंपनी नॉर्वे सरकारच्याच मालकीची होती. करणाराही सरकार, जामीनदारही सरकार. खासगी उद्योग या क्षेत्रात उतरले, तेव्हा खरी अडचण सुरू झाली.

पहिला पेच आंतरराष्ट्रीय कायद्यात आला, आणि तो काहीसा गमतीचा होता. समुद्रात कचरा टाकण्यास बंदी घालणारा लंडन करार आणि त्याला जोडलेला १९९६ चा शिष्टाचार यांनुसार ठरावीक वस्तू सोडून काहीही समुद्रात टाकता येत नसे. मग समुद्रतळाखाली सोडलेला कर्बवायू हा कचरा की नव्हे? सदस्य देशांनी २००६ मध्ये शिष्टाचारात दुरुस्ती करून त्याला अनुमत वस्तूंच्या यादीत घेतले. लगेच दुसरी अडचण उभी राहिली. एका देशाचा कचरा पुरण्यासाठी दुसऱ्या देशात पाठवण्यास याच शिष्टाचारात मनाई होती. २००९ मध्ये तीही दुरुस्त केली, पण पुरेशा देशांची संमती मिळेना. दहा वर्षे वाट पाहून २०१९ मध्ये, इच्छुक देशांनी ती दुरुस्ती तात्पुरती लागू मानावी, असा ठराव झाला. त्या पडद्याआडच्या वाटेने आज युरोपात कर्बवायूची जहाजे ये-जा करू लागली आहेत. नॉर्वेतील 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्पात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याचा पहिला वायू समुद्रतळाखाली गेला. इतर देशांतला वायूही घ्यायचा, हे त्या प्रकल्पाचे उघड उद्दिष्ट आहे.

युरोपीय संघाने २००९ मध्ये जो निर्देश काढला, तो या विषयातील सर्वांत विचारपूर्वक केलेला कायदा मानावा लागेल. परवान्याशिवाय साठवण नाही. साठवायचा तो वायू जवळजवळ निव्वळ कर्बवायूच असला पाहिजे, त्याच्या आडून दुसरा कचरा जमिनीत ढकलता येणार नाही. आपल्या भूमीत साठवण होऊ द्यायची की नाही, हे प्रत्येक सदस्य देशाने ठरवायचे. गळती झालीच, तर निसटलेल्या प्रत्येक टनामागे कंपनीने उत्सर्जनाचे परवाने सरकारजमा करायचे. म्हणजे साठवणीचा लाभ घेतला असेल, तर गळतीबरोबर तो परतही करायचा.

या निर्देशाचा गाभा त्याच्या अठराव्या कलमात आहे. साठवण बंद झाल्यावर कंपनीची जबाबदारी शासनाकडे केव्हा जावी? निर्देश सांगतो, वायू पूर्णपणे आणि कायमचा बंदिस्त राहील, असे उपलब्ध पुरावा दाखवत असेल तेव्हाच. त्यासाठी प्रत्यक्ष वर्तन संगणकाच्या गणिताशी जुळले पाहिजे, गळतीची खूण नसली पाहिजे आणि जागा दीर्घकालीन स्थैर्याकडे चालली असली पाहिजे. हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. शासनाची त्याआधीच खात्री पटली नाही, तर बंद झाल्यापासून किमान वीस वर्षे थांबायचे. हस्तांतरापूर्वी निदान तीस वर्षांच्या देखरेखीचा खर्च कंपनीने शासनाकडे भरायचा. आणि हस्तांतरानंतरही, कंपनीने माहिती दडवली होती, हलगर्जी केली होती असे आढळले, तर झालेला खर्च तिच्याकडून वसूल करायचा. हजारो वर्षांच्या ठेवीसाठी वीस वर्षे थोडी वाटतील. पण वर सांगितल्याप्रमाणे दाब उतरत जातो तसा धोकाही उतरतो, म्हणून वर्षांच्या आकड्यापेक्षा पुराव्याची अट अधिक मोलाची आहे. तीस वर्षांनंतरच्या खर्चाचे काय, याचे उत्तर मात्र युरोपकडेही एकच आहे, आणि ते म्हणजे करदाता. जर्मनीने तर २०१२ च्या आपल्या कायद्यात इतकी बंधने घातली की, औद्योगिक प्रमाणावर साठवण तेथे झालीच नाही. ती बंधने सैल करून मुख्यतः समुद्रतळाखालील साठवणीला वाट देणारी दुरुस्ती २०२५ च्या अखेरीस झाली.

ऑस्ट्रेलियाने केंद्राच्या अखत्यारीतील समुद्रासाठी २००८ मध्ये कायदा केला. तेथे बंदीचा दाखला मिळाल्यावर किमान पंधरा वर्षांनी दायित्व केंद्र सरकार घेते. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने २०१० मध्ये वेगळे पाऊल टाकले. खडकांतील छिद्रांची मालकी सरकारची, असे त्याने कायद्यानेच जाहीर केले आणि साठवणाऱ्यांकडून प्रत्येक टनामागे रक्कम घेऊन भविष्यातील देखरेखीसाठी निधी उभारला. ज्याचा धूर, त्याचाच पैसा आणि तोही काम चालू असतानाच, ही व्यवस्था साधी आणि न्याय्य आहे. ऑस्ट्रेलियाचा दुसरा धडाही विसरू नये. तेथील गॉर्गन प्रकल्पाला परवानगी देताना नैसर्गिक वायूबरोबर निघणाऱ्या कर्बवायूपैकी किमान ऐंशी टक्के वायू जमिनीत सोडण्याची अट होती. वायूचे उत्पादन २०१६ मध्ये सुरू झाले, साठवण सुरू व्हायला २०१९ उजाडले आणि पहिल्या पाच वर्षांच्या हिशेबात ऐंशी टक्क्यांचे प्रमाण काही गाठता आले नाही. तूट बाजारातून विकत घेतलेल्या पतांनी भरून काढण्यात आली.

अमेरिकेत या कायद्याचा खरा कस लागला, कारण तेथे जमिनीखालचीही मालकी खासगी असते. छिद्रांची मालकी कोणाची, या प्रश्नाला वायोमिंग राज्याने २००८ मध्ये उत्तर दिले, की ज्याची वरची जमीन त्याची खालची छिद्रे. नॉर्थ डाकोटात २०१९ च्या एका कायद्याने तेलकंपन्यांना मालकाला मोबदला न देता ही छिद्रे वापरण्याची मुभा मिळाली होती. शेतकरी न्यायालयात गेले, आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. डोळ्यांना न दिसणारी, कधीही न वापरलेली पोकळी हीसुद्धा मालमत्ता आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. नळमार्गासाठी शेतजमिनी सक्तीने घेण्यावरूनही तेथे मोठा लढा झाला. साउथ डाकोटाने २०२५ च्या मार्चमध्ये कर्बवायूच्या नळांसाठी सक्तीचे भूसंपादन करण्यास बंदीच घातली. हा लढा देणारे बहुसंख्य लोक काही हरितवादी चळवळीतले नव्हते, मक्याची आणि सोयाबीनची शेती करणारे परंपरानिष्ठ शेतकरी होते.

त्यांच्या मनात मिसिसिपीतील साटार्शिया गावाची आठवण ताजी होती. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी, अतिवृष्टीने जमीन खचून, गावाजवळचा कर्बवायूचा नळ फुटला. वायू उतारावरून गावाकडे वाहत आला. मोटारींची इंजिने प्राणवायूअभावी बंद पडली, त्यामुळे पळून जाणेही अवघड झाले. सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले, पंचेचाळीस जणांना रुग्णालय गाठावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत दिसले की, वायू गावापर्यंत पोहोचेल हे कंपनीच्या गणितात धरलेलेच नव्हते आणि स्थानिक बचावपथकांना अशा संकटाची पूर्वकल्पना नव्हती. लक्षात घ्या, हा वायू साठवणीच्या खडकातून आलेला नव्हता, तो वाटेतल्या नळातून आला. खडकाचा कायदा कितीही चांगला केला आणि नळाचा राहून गेला, तर काय होते, ते साटार्शियाने दाखवले.

अमेरिकेचे केंद्रीय नियम २०१० चे आहेत आणि ते पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याखाली येतात. भूगर्भात वायू सोडणे बंद झाल्यावर पन्नास वर्षे देखरेख, हा त्यातील सर्वसाधारण दंडक. इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनीची साठवण या नियमांखाली आलेल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक. तेथे २०२४ मध्ये असे उघड झाले की, देखरेखीसाठीच खणलेल्या एका विहिरीचा नळ गंजला आणि त्यातून वायू व खारे पाणी परवानगी नसलेल्या थरात शिरले. पिण्याचे पाणी दूषित झाले नाही, परंतु पुढच्याच वर्षी इलिनॉयने मोहोमेट या मोठ्या भूजलसाठ्याच्या परिसरात साठवणीवर बंदी घालणारा कायदा केला. राखणदारासाठी केलेली खिडकीच चोरवाट ठरली. ज्यांच्या घरी बोअरिंग आहे, त्यांना यातला अर्थ निराळा सांगायला नको.

यातच पैशाची बाजू आली. साठवलेल्या प्रत्येक टनामागे अमेरिकेत करसवलत मिळते. २०२२ च्या कायद्याने ती ८५ डॉलरपर्यंत नेली. परंतु २०२० मध्ये तेथील करखात्याच्या महानिरीक्षकाने जी छाननी केली, तिच्यात मोठ्या दावेदारांनी घेतलेल्या सुमारे शंभर कोटी डॉलरांच्या सवलतींपैकी ८९ कोटींहून अधिक रकमेबाबत देखरेखीचे नियम पाळलेले नव्हते, असे आढळले. सवलत देणारे खाते एक, जमिनीखाली काय चालले आहे हे पाहणारे खाते दुसरे, आणि दोघांची गाठभेट नाही. आपल्याकडच्या सरकारी कारभाराची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आता स्वदेशाकडे वळू. हा विषय आपला आहे का, असे कोणी विचारील. भारताचे दरडोई उत्सर्जन अमेरिकेच्या साधारण सातव्या हिश्शाएवढे आहे आणि वातावरणात आजवर साचलेल्या वायूचा मोठा वाटा पश्चिमेचा आहे. ही न्यायाची बाजू प्रत्येक परिषदेत ठामपणे मांडली जाते आणि मांडलीच पाहिजे. तरीही विषय आपला आहे. बहुतांश वीज अजून कोळशावर निघते. सिमेंटच्या भट्टीत तर इंधन बाजूला ठेवले, तरी चुनखडीच भाजताना कर्बवायू सोडते, त्यामुळे सूर्यापासून वीज घेतली म्हणून तो प्रश्न सुटत नाही. शिवाय युरोपीय संघाचा सीमेवरील कर्बकर २०२६ च्या आरंभापासून प्रत्यक्ष लागू झाला असून भारतीय पोलाद आणि ॲल्युमिनियम त्याच्या कक्षेत आहेत. नीती आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये या विषयाचा धोरण-आराखडा मांडला आणि २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची कल्पना पुढे ठेवली. संशोधनासाठी आयआयटी मुंबईत एक आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात एक अशी दोन राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली आहेत. ऊर्जासंधारण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे २०२३ मध्ये कर्बपतांच्या व्यापाराची योजना आली. तंत्र येत आहे, बाजार येत आहे. स्वतंत्र कायदा मात्र नाही.

जे कायदे आहेत, ते या कामाला अंगावर न बसणाऱ्या अंगरख्यासारखे आहेत. तेलक्षेत्रांविषयीचा १९४८ चा कायदा २०२५ मध्ये सुधारला गेला, त्याखाली तेलकंपन्यांना काही वाव मिळू शकेल. पण त्या कायद्याचा पिंडच जमिनीतून काढण्याचा आहे, जमिनीत ठेवण्याचा नाही. नळमार्गासाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा १९६२ चा कायदा पेट्रोलियम आणि खनिजांसाठी आहे. धुराड्यातून पकडलेला कर्बवायू या दोहोंत सरळ बसत नाही. पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा व्यापक आहे, परंतु पन्नास वर्षांनी विहिरीची जबाबदारी कोणाची, हे त्यात कोठून असणार?

मालकीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. समुद्राच्या बाबतीत घटनेच्या २९७ व्या कलमाने किनाऱ्यापलीकडची संपत्ती केंद्राकडे दिलेली आहे. तेथे फारसा वाद नाही. जमिनीवर मात्र गुंता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने खनिजे राज्य शासनाची ठरवली. पण खडकातील रिकामे छिद्र हे खनिज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात असे म्हटले की, कायद्याने हिरावून घेतलेले नसेल, तर भूगर्भातील खनिजांचीही मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकाकडे असते. मग खनिज नसलेल्या पोकळीविषयी शेतकऱ्याने दावा केला, तर तो कशाच्या आधारे फेटाळणार? अल्बर्टाप्रमाणे सरकारने मालकी घ्यावी, की वायोमिंगप्रमाणे शेतकऱ्याकडे ठेवावी, हे संसदेने उघड चर्चेने ठरवावे. घ्यायचीच असेल, तर मोबदला देऊन घ्यावी. शिवाय जमीन आणि पाणी हे राज्यांच्या सूचीतील विषय, तेलक्षेत्रे आणि खाणी केंद्राच्या. राज्यांना विश्वासात न घेता केलेला कायदा पहिल्याच विहिरीपाशी अडेल.

महाराष्ट्राला तर याचा विशेष विचार करावा लागेल, तो आपल्या काळ्या पाषाणामुळे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवलेला कर्बवायू बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातील पंचाण्णव टक्के वायूचे दगडात रूपांतर झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वायू दगड झाला, की गळतीची चिंताच संपली. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी भारताची एकूण साठवणक्षमता ३९५ ते ६१४ अब्ज टन अशी अंदाजली आहे. या दोन आकड्यांत एवढी तफावत पडते, ती मुख्यतः बेसॉल्टमध्ये किती मावेल याचा नेमका ठाव अजून लागायचा असल्यामुळे. पण कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे पंचवीस टन पाणी लागते. आइसलँडला पाण्याची ददात नाही. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तेथे हे पाणी आणायचे कोठून? आणि ज्या बेसॉल्टच्या वरच्या थरांतून गावे विहिरीचे पाणी पितात, त्याच बेसॉल्टच्या खोल थरांत वायू सोडायचा असेल, तर अमेरिकेप्रमाणे पिण्याच्या पाण्याचे रक्षण हाच कायद्याचा पाया ठेवावा लागेल.

कोयनेचेही स्मरण ठेवावे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने जगाला शिकवले की, खडकांतील पाण्याचा दाब बदलला, तर ताणलेली भेग सरकू शकते. आज त्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणून या प्रक्रियेचा अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासाची संपत्ती आपल्या हाती आहे. कोणत्याही साठवणीचा परवाना देण्यापूर्वी भूकंपप्रवण भेगांचा अहवाल बंधनकारक करणे आणि तो लोकांना मराठीतून वाचायला देणे, यासाठी परदेशी सल्लागाराची गरज नाही.

परक्या वायूचे काय, हेही आताच ठरवलेले बरे. इंडोनेशियाने २०२४ मध्ये अध्यक्षीय नियमावलीने साठवणक्षमतेपैकी तीस टक्क्यांपर्यंतचा भाग विदेशी वायूसाठी खुला केला. श्रीमंत देशांचा धूर पैसे घेऊन आपल्या भूमीत पुरणे हा त्या देशाचा निर्णय आहे. भारताच्या कायद्यात याविषयी मौन राहिले, तर ती पोकळी उद्या एखादा करार भरून काढील. स्वदेशी पोलाद आणि सिमेंट यांची गरज भागेपर्यंत ही जागा राखीव असावी.

दायित्वाच्या बाबतीत मात्र भारताला उसनवारी करण्याचे कारण नाही. दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निरपवाद दायित्वाचे तत्त्व घालून दिले. धोकादायक उद्योग करणाऱ्याला त्यातून झालेल्या हानीपासून कोणतीही सबब सांगून सुटता येणार नाही, असे न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने स्पष्ट केले. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यातही एवढे कठोर तत्त्व नव्हते. नव्या कायद्याने ते शिथिल करू नये. कंपनीकडून शासनाकडे जबाबदारी जावी, ती पुराव्यानंतरच. आणि पैसे प्रत्येक टनामागे आधीच जमा झालेले असावेत. शासनाला ते इतरत्र वळवता येणार नाहीत, अशा स्वतंत्र निधीत ते राहावेत.

आणखी एक लहानशी दिसणारी बाब. जगभर जुन्या, विसरलेल्या विहिरी हीच भूगर्भातील वायूची सोपी वाट मानली जाते, कारण त्या कोठे आहेत याची नोंद हरवलेली असते. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना आहे. त्यात बँकेचा बोजा लिहितात, वाटेचा हक्क लिहितात. ज्या गटाखाली कर्बवायू साठवला असेल, त्या गटाच्या उताऱ्यावर त्याच रकान्यात किती टन, किती खोल, कोणत्या साली आणि विहीर नेमकी कोठे बुजवली, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. कंपनीचे नाव त्या उताऱ्यावरून कधीही कमी होता कामा नये, मग ती कंपनी बुडो, विकली जावो किंवा नाव बदलो.